जपानी पोरगा आणि कराडची मेस

आबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या कुंडल गावात कुणाच्याच घरी टीव्ही नव्हता, म्हणून आधी हे सांगतो की नात सध्या मला एक जपानी मालिका दाखवते आहे. त्यात एक भित्रा विद्यार्थी आहे. वर्गात त्याचा आवाज फुटत नाही, टवाळ पोरं त्याचा डबा पळवतात, आणि घराणं मात्र सामुराईंचं, म्हणजे तिकडच्या जुन्या लढवय्यांचं. काल त्याच्या अंगात पूर्वजांचं रक्त उसळलं, त्यानं लाकडी तलवार उचलली आणि सगळे पळाले. नात टाळ्या पिटत होती. मला तुम्ही दिसत होतात, पण कसे, ते नीट सांगता येत नाही.

दुष्काळ सरला त्या वर्षी तुम्ही मला कराडला इंजिनिअरिंगला घातलंत. आपले पूर्वज तलवारबाज, तुम्हीही लष्करातले हवालदार, हे मी होस्टेलवर बोलून बसलो. झालं! मेसमध्ये वरच्या वर्गातली पोरं मला टेबलावर उभं करायची, हातात आमटीचा डाव द्यायची. "हं सरदार, करा लढाई!" मी डाव हलवत राहायचो. शेवटी ट्रंक उचलून घरी आलो आणि तुम्हाला सगळं सांगितलं. खंडेनवमीला पुजायची ती तलवार भिंतीवर होती. वाटलं, आता तुम्ही गरजणार. तुम्ही फेटा बांधलात आणि मला घेऊन कराडच्या एसटीत बसलात.

मेसमध्ये पोरं जेवताहेत. तुम्ही त्यांच्या म्होरक्यापुढे उभे राहता. तुमच्या मांडीवर गोळीचा व्रण आहे, हे मला ठाऊक आहे, त्याला नाही. मी वाट बघतोय. आणि तुम्ही फेटा उतरवता, हात जोडता. "पोरगं भित्रं हाय माझं. लय हौसेनं धाडलंय. तेवढं सांभाळून घ्या." कुणी हसत नाही. म्होरक्या ताटावरून उठतो. "आवं बाबा, असं काय करताय? फेटा घाला आदी." त्यानं तुम्हाला बसवून स्वतः वाढलं. त्यानंतर मला कुणी टेबलावर चढवलं नाही.

मी तुम्हाला सोडायला स्टँडवर आलो. मग विचारलं, "हात का जोडलेत, आबा?"

"लय भ्या वाटलं बग. तू शिकायचं सोडशील म्हनून."

"तुमी भिता?"

"व्हय की."

"आन् लढाईत?"

"तितंबी भ्यायचोच की रं." एवढं बोलून तुम्ही गाडीत चढलात.

ते खरं होतं, की मला धीर यावा म्हणून बोललात? कधी वाटतं, फेटा उतरवायला गोळी खाण्याहून जास्त छाती लागली असेल. कधी वाटतं, छे, एक बाप घाबरला होता, एवढंच. त्या जपानी पोराचं बरोबर म्हणावं तर तुम्ही चुकता, तुमचं म्हणावं तर काल माझेही हात टाळीसाठी उठले होते, त्याचं काय करू?

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे इथंच. फक्त एक सांगतो. तुम्ही भिता हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं होतं, आबा, की तुमची गाडी वळली आणि मी चक्क शीळ घालत होस्टेलवर गेलो.