सासूबाईंची गरम जागा

७ नोव्हेंबर, मंगळवार
फरशीखाली गरम पाणी फिरवून घर ऊबदार ठेवणारा जुना बॉयलर मेला. फरशी बर्फ. नवरा म्हणाला, "मिस्त्री बोलावू."
"मिस्त्री इथंच भांडी घासतोय," मी म्हणाले. पन्नाशीत बॉयलर बसवण्याचा परवाना काढला, तो काय भिंतीवर टांगायला?
सासूबाई फणकारल्या, "सून बॉयलर बसवणार? अख्ख्या जेचॉन गावात हसं होईल."
ठरलं ते असं – रविवारपर्यंत त्यांना पटला नाही, तर माझा बॉयलर बाहेर आणि परवाना पेटीत.

८ नोव्हेंबर
बसवला! धुराची नळी घराकडे उतरती ठेवली. नवरा : "उलटी लावलीस." सांगितलं, या बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं, ते मागे यायला हवं, मग मोरीत सोडायचं. "जुन्याची बाहेर उतरती होती." – जुना भंगारात आहे, म्हटलं.
फरशीखालच्या नळ्या पंपाने धुतल्या. बादल्या भरभरून काळा गाळ. सोयाबीनच्या सॉससारखा.

९ नोव्हेंबर
खोली एकसारखी गरम. कोपरा न् कोपरा. थेट पुस्तकातल्यासारखी.
सासूबाई मात्र बसकर घेऊन खोलीभर फिरताहेत. बसत नाहीत.
"आई, काय झालं?"
"माझी जागा कुठंय?"
त्यांची जागा म्हणजे आतल्या भिंतीलगतची. तिथे फरशीचा चटका बसायचा, दाराशी गारठा. तिथे सासूबाई, शेजारी नवरा, दाराशी सून – सव्वीस वर्षं. नवरा कामावर असला की त्याचा भाताचा वाडगा झाकण घालून तिथेच रजईखाली. मायक्रोवेव्ह आहे की, मी म्हणाले. श्राद्धाला पिझ्झा मागवल्यासारखं बघितलं माझ्याकडे.
"सगळीकडे सारखं, तर घरात मोठं कोण ते कळायचं कसं? काढ हा बॉयलर."

१० नोव्हेंबर
दिवसभर नळ्यांचा नकाशा घेऊन बसले. उलगडलं. ती मानाची जागा म्हणजे गाळाची कृपा! नळ्या तुंबलेल्या, पाणी रांगत जायचं, भिंतीपाशीच सगळी ऊब सांडून दाराशी गार होऊन पोचायचं. मी गाळ काढला आणि घराण्याची उतरंडच धुऊन टाकली.

११ नोव्हेंबर, शनिवार
फरशीचा व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त बंद केला. पाणी सावकाश. तासाभरात भिंतीलगत चटका, दाराशी कोमट. आणि गंमत पुढेच – पाणी गार होऊन परत यायला लागलं तसा बॉयलर खुशीत आला. बाहेर पांढरी वाफ, मोरीत टपटप. परतीचं पाणी जितकं गार तितका याला गॅस कमी लागतो. म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. हे फक्त इथे लिहितेय.
नवरा धावत आला, "गळतंय!"
"गळत नाही. कमावतोय."
सासूबाईंनी तळहाताने फरशी चाचपली. बसल्या. "हं."
एवढंच. पण संध्याकाळी फोनवर शेजारच्या मालसुनकाकूंना : "आमच्या सुनेनंच बसवला. मिस्त्री कशाला हवा?"

१२ नोव्हेंबर
परवाना भिंतीवर टांगला.

१४ नोव्हेंबर
मालसुनकाकूंचा बॉयलर बसवून सात वाजता घरी. नवरा दाराशी बसून नूडल्स ओरपत होता. "आज माझा वाडगा नाही," म्हणाला. सासूबाई भिंतीपासून सरकल्या. रजई उचलली. झाकण अजून गरम.
"बस," म्हणाल्या. "कामावरून येणाऱ्या माणसाचा आहे तो."