देवयानीची गोफण

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय आणि टाळतेय. आत्तासुद्धा लिहायला बसले, तोवर धरणावर बगळे उतरले, तेच बघत बसले. पण आता राहवत नाही. तुझी गोफण आकाशात सापडलीय!

मी वलवणला एका कॅम्पवर आहे. तंबू ठोकते, चहा देते. इथं पाहुण्यांना आकाश दाखवणाऱ्या नीलाताईंनी मला दुर्बिणीतून देवयानी दाखवली. सर्पिल दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा गरगर फिरणारा अवाढव्य भोवरा. तो मोजायला तराजू कुठून आणायचा?

ताई म्हणाल्या, वेगावरून. फिरताना एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. दोन्हींच्या उजेडाच्या रंगात किंचित फरक पडतो, त्यावरून वेग कळतो. वेगावरून गुरुत्वाची ओढ, ओढीवरून वस्तुमान.

मी ओरडलेच. भाताच्या खाचरात पाखरं हाकताना तू दुसरं काय सांगायचीस? "दगूड जेवडा जोरात फिरंल, तेवडी मूठ आवळ. न्हाईतर गेलाच म्हून समज."

गंमत पुढंच आहे. कडेचे तारे इतके जोरात फिरतात, की दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांची मूठ त्यांना पुरत नाही! मग धरलंय कुणी? भोवती न दिसणारं काहीतरी पसरलं असावं म्हणतात. नाव प्रभामंडळ, आणि उजेडाचा पत्ता नाही! कुणी म्हणतं, तसलं काही नाहीच, ओढीचा नियमच तिथं वेगळा असेल. तू कुणाची बाजू घेतली असतीस गं?

आज संध्याकाळी हे पाहुण्यांना मी सांगायचंय. जमलं तर ताई मला कायमची ठेवून घेणार. नाहीतर सोमवारपासून तळेगावची कंपनी, दादांनी तिथं शब्द टाकून ठेवलाय. सराव म्हणून मफलरची गोफण करून बटाटा फिरवला, तर तो सुटून थेट भज्यांच्या पिठात! शेवटी गावी दादांना फोन करून तुझी गोफण मागितली.

"आक्काची वस्तू खेळायला न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला. तुझा भाऊ नि माझा बाप, असा कसा गं? आणि तूही, एवढी काय घाई होती जायची?

असो. मफलर तर मफलर. पण एक सांगते, आज बोलायला उभी राहिले की शेवटापर्यंत भरकटणार नाही. समोर अख्खा थवा उतरला तरी.

थांब, ताई हाक मारतायत. फाटकाशी कुणीतरी आलंय, मलाच विचारतंय. अगं, दादा! गावाहून, पार आंदर मावळातून, घामाघूम. आणि खांद्यावर तुझी गोफण.

तुझीच भटकी,
सुमन