वकिलाशिवाय

बबनभाऊ,

तू म्हनला होता, "नवऱ्यासंगं तडजोड कर, मी तुले वकील करून देनार नाही." नोको देऊ! वाशिमच्या कोर्टात लॉ कॉलेजच्या पोरी मदतीले बसतात. त्यातल्या धम्मदीपानं माहा अर्ज लिहून देल्ला अन् म्हनली, "ताई, मी अजून वकील नाही, कोर्टात मले बोलता येत नाही. तुमालेच बोला लागीन."

काल जजसाहेबानं इचारलं, "तुमचा वकील कुठं आहे?"

मीनं उभं राहून म्हनलं, "मीच बोलतो साहेब. पोरगी मले पाह्यजे. तिचा बाप दारू पेऊन तिले मारते."

निकाल लागेपर्यंत निकिता माह्याजवळच राहीन, असं साहेबानं सांगतलं.

हे पत्र तुले धाडत नाही. दिवाळीले पोरीले घेऊन केनवडले येईन, तवा तोंडावरच सांगीन. माहेर माहंबी आहे.

तुही बहीण,
योगिनी