सुपारीच्या घशातली काठी

९ एप्रिल २०१८, सोमवार

कुसुम बोलत नाही. कालपासून एक शब्द नाही!

बरोबरच आहे तिचं. काठी मी दिली होती. डहाणूहून आणलेली, चामड्याची, कुत्र्यांनी चघळायची. पाकिटावर जे कुत्रं छापलं होतं ते वासराएवढं. आमची सुपारी दुधी भोपळ्याएवढी. दुकानातच लक्षात यायला हवं होतं, पण मी किंमत बघत होतो.

काल सकाळी सुपारी पडवीत काठी चघळत बसली होती. मी पेपरात. कुसुम पलीकडे विळीवर सुकं खोबरं कापत होती. सगळं शांत. मग सुपारी तोंडावर पंजे मारत गोल फिरायला लागली. मी म्हटलं, "बघ, नाचतेय." — नाचतेय म्हणे! डोळे असून उपयोग काय?

कुसुमने तिला उचललं. मी काठी शोधली, तर अर्धीच सापडली. हितेशच्या रिक्षाने तसेच चिखल्याहून डहाणूला, जनावरांच्या डॉक्टरांकडे. एसटीत बत्तीस वर्षं काढली, शेवटची बारा कंट्रोलर म्हणून. संपाच्या दिवशी भर फलाटावर उभा राहून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पाय हलला नाही. पण सुपारीची जीभ निळी बघितली आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आडवा झालो. आत कुसुम एकटीच होती. डॉक्टरांनी चिमट्याने तुकडा काढला, सुपारी केकाटली, आणि माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टर बाहेर आले तसा उठून म्हणालो, "डॉक्टर, काठी माझ्या हातची." ते म्हणाले, "काठीसुद्धा वाईटच, काका. लहान कुत्र्याला असलं काही देताना माणूस समोर बसलेला पाहिजे. बाकी बाईंना सगळं सांगितलंय."

येताना कुसुम सुपारीला पदरात घेऊन रिक्षातून बाहेर बघत होती. घरी आल्यावर मला चहा दिला. बिस्किटांसकट. पण तोंडातून अक्षर नाही.

१० एप्रिल

एरवी कुसुम रागावली की बोलते. भरपूर बोलते. माझ्या आत्यापासून सुरुवात करते आणि चुलतभावाच्या लग्नातल्या आहेरापर्यंत जाते. दीड तासात मोकळी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, अबोला कधी धरला नाही. आणि आता एकदम हे! म्हणजे राग किती खोल गेला असेल, विचारच नको.

सकाळी रियाचा फोन. सुपारी खरं तर तिची. तीन वर्षांपूर्वी 'आठ दिवस सांभाळा' म्हणून आणून ठेवली आणि बोरिवलीला नोकरीवर गेली. मी फोनवर सगळं सांगून टाकलं. काठी, पेपर, नाचतेय — काही लपवलं नाही. तर म्हणते, "बाबा, सुपारीची सुपारी घेतली होतीत का?"

आणि वर हे — महिनाअखेरीला सुट्टी जोडून येणार आणि सुपारीला घेऊनच जाणार. "तुमच्या भरवशावर आता नाही ठेवणार."

कुसुम शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता आत्या येणार. पण मिटलं आणि आत गेली.

सुपारी गेली तर या घरात काय उरेल? बोलत नसलेली बायको आणि मी.

१२ एप्रिल

आता सगळं सुपारीमार्फत चालतं. "सुपारी, पानं घेतलीत म्हणावं." मी म्हणतो, "सुपारी, आलोच म्हणावं." सुपारी दोघांकडे बघते आणि खाटेखाली जाऊन बसते.

१४ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, मला काठीचं सगळं शास्त्र सांगा. ते म्हणाले, "काका, तुम्ही त्या काठीच्या मागे का लागलात?" घाईत होते. मागे कुणाची तरी म्हैस ओरडत होती. तरी मी सोडलं नाही.

काठी तिच्या जबड्यात आडवी मावणार नाही एवढी लांब घ्यायची. एक टोक आपल्या हातात धरून बसायचं. अंगठ्याएवढी उरली की काढून घ्यायची, पण हिसकावून नाही! हिसकावलं की ती घाईने गिळते. उकडलेलं रताळं पुढे करायचं, ती तोंड सोडते, आपण तुकडा उचलायचा. आणि अडकलंच तर जबडा उघडून बघायचं. दिसलं तर काढायचं. दिसलं नाही तर आंधळेपणाने बोट घालायचं नाही, आणखी आत जातं. मागचे पाय उचलून डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापटायचं, आणि थेट दवाखाना.

ही तालीम सुपारीवर करता येत नाही. मांडवावरून एक दुधी काढून आणला, वजन साधारण तेवढंच. त्याला उलटा धरून थापट्या मारत होतो तेव्हा कुसुम दारात आली. बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. एवढा संताप!

१५ एप्रिल

दुधीची भाजी झाली. सपक.

घरात खोबरं बंद झालंय. आठवडा होत आला — आमटीत नाही, भाजीत नाही, पोह्यांवर चिमूटभर नाही. दारात सोळा माड आणि पानात ही अवस्था! तिला माहीत आहे मला खोबऱ्याशिवाय घास उतरत नाही. शिक्षाच द्यायची तर अशी. मी मुकाट्याने खातो. चूक माझी आहे.

१८ एप्रिल

अक्षय तृतीया. पुरणपोळ्या! मला मोजून वाढते एरवी, डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून. आज न मागता तिसरी वाढली, वर तूप. बाई रागातसुद्धा सणाचं कर्तव्य सोडत नाही. मी म्हटलं, "सुपारी, पोळी सुरेख झालीय म्हणावं." कुसुम पदराने नाक पुसत चुलीकडे वळली. पोळी सुरेख होतीच.

दुपारी काठीचा वर्ग. मी समोर पाट टाकून बसलो, टोक हातात. तासाभरात हात कोपरापर्यंत लाळेने भिजला. अंगठ्याएवढी उरल्यावर रताळं. सोडली! पोरगी हुशार आहे.

२० एप्रिल

घरात सगळ्यांना नियम कळले पाहिजेत. डेपोत सूचना लिहायचं काम माझ्याकडेच असायचं, अक्षराला लोक नावाजायचे. आज पडवीच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहिलं —

'सूचना. चघळताना माणूस समोर पाहिजे. लहान झाला की काढून टाकावा. दया दाखवू नये. हुकुमावरून.'

'तुकडा' हा शब्द घालायला जागा उरली नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. 'लहान'च्या न पुढे रंगाचा एक ओघळ आला आणि काना झाल्यासारखा दिसतोय. उद्या पुसतो.

२३ एप्रिल

आमचा गडी लहान्या दोन दिवस वाडीत आला नाही. चिकू झाडावर पिकतायत, वटवाघळांची चंगळ चाललीय. फोन लागत नाही. झरीला त्याच्या सासुरवाडीत काही कार्य असेल. पण असा न सांगता जाणारा माणूस नाही तो.

२४ एप्रिल

आज हसावं की रडावं कळेना!

सकाळी लहान्याची बायको जिवली दारात उभी. बसायला सांगितलं तर बसली नाही. म्हणाली, "काका, बारा वरीस झाले ना ह्याला तुमचे वाडीत. काढायचा तं तोंडानी सांगा. भितीवर कशाला लिवलं?"

मी म्हटलं, "कोणाला काढलं?"

"लहान्याला. हा घरी आला, जेवला पन नाय. मना सांगतो, तांबड्या रंगानी लिवलाय — लहाना झाला, काढून टाकावा. नि दया पन नको दाखवू!"

भिंतीकडे बघितलं. तो ओघळ! पुसायचा राहून गेला होता. माझ्या सुंदर अक्षरात, हुकुमावरून, लहान्याची नोकरी गेली होती. आता समजावू तरी कसं? शेवटी काठी आणली, सुपारीला बसवलं आणि सगळा कार्यक्रम करून दाखवला. टोक, अंगठा, रताळं. जिवलीने शेवटपर्यंत बघितलं आणि मग अशी हसायला लागली की तिला भिंत धरावी लागली. हाक मारली तसा फाटकाच्या मागून लहान्या बाहेर आला. म्हणजे तिथेच होता सगळा वेळ! तोही हसला. आणि स्वयंपाकघराच्या दारात कुसुम! पदर तोंडात कोंबून हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, सुटलो.

मग जिवली डोळे पुसत म्हणाली, "मी ह्याला बोलली, तू काय केलाच नाय नि शिक्षा कशी तुला?"

कुसुमचं हसू तिथेच थांबलं. आत गेली. मला वाटलं ठसका लागला. थोड्या वेळाने सुक्या खोबऱ्याचा अख्खा डबा घेऊन आली आणि जिवलीच्या हातात दिला. "ने सगळं. मला नको घरात."

जिवलीशी बोलते. लहान्याशी बोलते. कोळीण आली तर तिच्याशी बोंबलांच्या भावावरून भांडते. आणि माझं खोबरं गेलं ते गेलंच.

२६ एप्रिल

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला तिची आठवण येते. घरातच आहे, ताटं वाढते, माझा सदरा वाळत घालते, तरी आठवण येते. माझ्या आत्याला चार शब्द बोलली असती तरी चाललं असतं. आत्या तशी होतीच.

२८ एप्रिल, शनिवार

रिया आली. बॅग ठेवायच्या आधी भिंतीवरची सूचना वाचली. मग माझी परीक्षा घेतली, पडवीत, लहान्यासमोर.

"काठी केवढी?" सांगितलं. "काढून कधी घ्यायची?" अंगठा दाखवला. "अडकली आणि दिसत नसेल तर?" मी उशी उचलली, उलटी धरली, थापट्या मारल्या. उशीची शिवण उसवली, कापूस बाहेर आला. लहान्या म्हणाला, "निघाला, काका!" रियासुद्धा हसली.

पण जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं केलंत, मला कळतंय. तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सारखं वाटतं, फोन येईल. उद्या मी तिला नेते."

तिचं बरोबरच आहे. डॉक्टरांकडे बाकावर आडवा पडलेला माणूस मी. कुसुमने अर्धं पान तसंच ठेवलं आणि उठली. सुपारी तिच्या मागे गेली.

सुपारीच्या टोपलीत तिचं फडकं घातलं. तीन काठ्या घातल्या, लांब बघून. उकडलेली रताळी उद्या सकाळी.

२९ एप्रिल, रविवार

हितेशची रिक्षा दारात. रिया आत, टोपली मांडीवर, टोपलीतून सुपारीचं नुसतं नाक बाहेर. मी रताळ्यांचा डबा देत होतो. कुसुम पायऱ्या उतरून आली, रिक्षाचा दांडा धरला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, काठी नव्हती ती. खोबरं होतं. मीच टाकला होता काप तिच्यापुढे. डॉक्टरांनी काढून माझ्या हातावर ठेवला. कुठल्या तोंडाने बोलणार होते मी तुमच्याशी?"

हितेशने रिक्षा बंद केली. रियाने टोपली खाली उतरवली. कुसुम बरंच काही बोलत होती, रडत होती, मी मान हलवत होतो. खोबऱ्याचं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त 'अहो' ऐकू आलं.