मनोरीची लढाई

काजूपाडा, बोरिवली (पूर्व)
मार्च १९८४

प्रिय दादा,

हे पत्र आहे, तार नाही, तेव्हा आधी घोटभर पाणी पी आणि मग वाच. वहिनीलाही सांग, सगळी धडधाकट आहेत. कमलची परीक्षा जवळ आलीय, अभ्यासाच्या नावाने बोंब आहे. तुझ्या मेव्हण्याला ताप नाही की खोकला नाही. तू पाठवलेलं कुळथाचं पीठ पोचलं. पहिल्याच दिवशी पिठी केली, यांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, दत्तारामाच्या कुळथाला वास येतो हां. या घरात तुझं नाव निघतं ते एवढंच, जेवणापुरतं. तुम्ही दोघं एका पलटणीतले, एका तंबूत झोपलेले. माझा दोस्त आहे, माणूस सोन्यासारखा आहे, असं म्हणून तूच मला यांच्या गळ्यात बांधलंस. आणि लढाईवरून परत आलात ते एकमेकांना तोंड दाखवायचंच बंद केलंत. तू पाय गेला म्हणून मुंबईला येत नाहीस आणि हे रजा मिळत नाही म्हणून गावी येत नाहीत. मी काय कुकुलं बाळ आहे का रे, मला कळत नाही?

आता रजेचंही निमित्त राहिलं नाही. यांच्या कंपनीला दिवाळीनंतर टाळं लागलं. गेटवर खाकी घालून उभा राहणारा माणूस घरात बनियनवर बसला की घर कसं होतं ते तुला सांगायला नको. दिवसभर नळ बघ, कडी बघ, स्क्रू पिळ. मी वैतागले होते. तेवढ्यात मागच्या चाळीतले श्यामसुंदर हवालदार आले. कुठल्या तरी बड्या कंपनीचा लढाईचा पिक्चर निघतोय, एकाहत्तरच्या लढाईवरच, आणि त्यांना रायफल धरता येणारे खरे फौजी हवेत, असं म्हणाले. जेवण, चहा, वर पैसे. मला तर देवच पावला असं वाटलं. कमल शाळेत सगळ्यांना सांगून आली, माझे बाबा पिक्चरमध्ये आहेत. यांनी ट्रंकेतून जुने बूट काढले आणि पुसत बसले.

पहिले काही दिवस दादा, खरं सांगते, घरात इतकं हसू कधी नव्हतं. संध्याकाळी आले की हे नकला करून दाखवायचे. हिरोच्या युनिफॉर्मला इस्त्री करायला वेगळा माणूस आहे, म्हणे, खंदकातसुद्धा कडक इस्त्री. हिरोला गोळी लागते ती नेहमी खांद्याला, आणि केसांचा भांग हलत नाही. जवान खंदकात बसून गाणं म्हणतात, आणि ढोलकी कुठून आली ते कोणी विचारत नाही. मग हसता हसता खरं काय ते बाहेर पडायचं. इतक्या वर्षांत यांनी लढाईचा एक शब्द काढला नव्हता, आणि आता पिक्चरला नावं ठेवायच्या निमित्ताने सगळं येऊ लागलं. खरी लढाई म्हणजे ओले मोजे, म्हणाले. लढाई म्हणजे जुलाब, आणि खंदकातून बाहेर जायची सोय नाही. लढाई म्हणजे बसून राहणं. पोरं शत्रूला शिव्या घालत नव्हती, लांगरीला, म्हणजे पलटणीच्या आचाऱ्याला, घालत होती, कारण डाळीत मीठ नव्हतं. पिक्चरमध्ये सगळे छाती काढून धावतात, आणि आम्ही जमिनीत शिरता आलं तर बघत होतो. कमल तोंडाचा आ करून ऐकायची. मी भाकऱ्या थापत ऐकायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, निचरा होतोय.

मग मी कमलला घेऊन एक दिवस शूटिंग बघायला गेले. मालाडहून मार्व्याची बस आणि तिथून होडीने मनोरी. आपल्या गावासारखंच आहे रे तिथे. माड, वाळत घातलेले बोंबील, वाळूत पडलेल्या होड्या. त्या माडांत त्यांनी बंगाल उभा केला होता. चटयांच्या झोपड्या, अर्ध्या जाळलेल्या, आणि खोटा तलाव. लाल रंगात साखरेचा पाक कालवून पिंपं भरून ठेवली होती. ते रक्त एकेकाच्या अंगावर ओतत होते, आणि त्यावर ही माशांची झुंबड. मी नाकाला पदर लावला. यांनी लांबूनच हात केला आणि हसत म्हणाले, बाकी सगळं खोटं आहे, माशा तेवढ्या खऱ्या.

शॉट सुरू झाला तेव्हा मी कान झाकून घेतले होते, वाटलं आता धडाड धूम होणार. पण काही नाही रे! आवाज म्हणे नंतर घालतात. एक माणूस रुमाल हलवतो आणि हलवला की एकेकाने पडायचं. पन्नास माणसं तोंडं वासून धावतायत, पडतायत, आणि आवाज कसला तर माडांच्या झावळ्यांचा. मला हसू येत होतं. पण यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. हे पडले होते माझ्याच बाजूला तोंड करून, डोळे उघडे. होडीतून परत येताना कमल पुढे बसली होती तेव्हा मला म्हणाले, शेवंती, थेटरात बाजा वाजेल, तोफा वाजतील, तो पिक्चर साफ खोटा. पण तिथे वाळूवर होतं ते तसंच होतं. गोळा जवळ फुटला आणि कानच गेले, त्यानंतरची सगळी लढाई मी अशीच बघितली. माणसं पडताना दिसतायत, ओरडताना दिसतायत, आवाज नाही. मी विचारलं, मग कशाला जाता तिथे, मरू दे तो पिक्चर. तर म्हणाले, अगं, पण हे लोक कट म्हटल्यावर उठतात ना. सगळे उठतात. कपडे झटकतात आणि चहा मागतात. आणि इतकं गोड हसले म्हणून सांगू दादा, माझ्या अंगावर काटा आला.

गुणाजीचं त्याच दिवशी निघालं. तुमच्या तंबूतला तिसरा. मला तो कसा आठवतो ठाऊक आहे? आमच्या लग्नात कानपिळी तुझ्या मानाची, तर हा वेंगुर्ल्याचा आगाऊ मध्ये घुसला, मीपण हिचो भाव, म्हणाला, आणि यांचा दुसरा कान असा पिळला की भटजी ओरडले. तो लढाईत गेला एवढंच तुम्ही मला सांगितलं होतं. कसा, ते तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाहीत. त्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पिक्चरचा लेखक यांच्यापाशी येऊन बसला. चांगला माणूस होता, मला आणि कमलला खुर्च्या आणवल्या. हिरोचा दोस्त मरतो तो सीन त्याला लिहायचा होता, म्हणून त्याने विचारलं, तुमचा कोणी दोस्त गेला का, जाताना काय म्हणाला. यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, पाणी संपलं होतं, मागे झाडाखाली डबा होता, तो आणायला गुणाजी उठला आणि म्हणाला, इलंय हां. लेखकाला कळेना, तेव्हा मीच सांगितलं, इलंय म्हणजे आलोच, आमच्या मालवणीत. तो बघत राहिला. फिर? म्हणाला. फिर काही नाही, हे म्हणाले. तेवढ्यात गोळा पडला, कान गेले, पुढे मलाही लागलं, शुद्ध आली ती इस्पितळात. लेखक बिचारा डोकं खाजवत म्हणाला, साब, इस पे कौन रोयेगा? पिक्चरमधल्या दोस्ताला त्याने पानभर भाषण दिलंय. आई, माती, झेंडा, सगळं.

आणि माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्या घरात आलोच म्हणायचं नाही. कमलला तिच्या लहानपणी यांनी एकदाच मारलं, ते ती आलेच हां म्हणून खेळायला पळाली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही तेव्हा. त्यानंतर आम्ही दोघी वाण्याकडे जायचं तर वाण्याकडे चाललेय असं सांगून जातो. शेजारणी हसतात, चाललेय काय म्हणतेस गं, येते म्हण. आपल्यात जातो कोणी म्हणत नाही, निघालेला माणूससुद्धा येतो म्हणतो, आणि माझ्या नवऱ्याला नेमकं तेच सहन होत नाही. मला वाटायचं, तऱ्हेवाईक आहेत. मी भांडलेसुद्धा त्यावरून. आता वाटतं, अरे देवा, हा माणूस इतकी वर्षं वाट बघत होता. पलटणीचा कागद आला, गुणाजीच्या आईला हे स्वतः भेटून आले, तिच्याजवळ बसून रडले, सगळं सगळं ठाऊक आहे यांना. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानात अडकून बसलेला शब्द वेगळा.

त्यानंतर वाट लागली दादा. बोलावणं नसेल त्या दिवशीही हे मनोरीला जायला लागले. तिथे चंद्रप्रकाश म्हणून एक एक्स्ट्रा आहे, देवगडकडचा, तिशीच्या आतला. सगळे हिंदीत बोलणारे, त्यात हा एकटा मालवणी. पुढचे दोन दात फटीचे, गुणाजीसारखे. आधी हे त्याला गमतीने गुण्या म्हणायचे. मग गंमत गेली आणि नाव राहिलं. तो मेल्याचं काम करून उठला की हे त्याची पाठ झटकायचे, पाणी द्यायचे. श्यामसुंदर हवालदार मला हळूच सांगून गेले, वहिनी, जयवंताला आवरा. मी कसं आवरू? घरी येणारा माणूस आनंदात येत होता. आमच्या लग्नापासून इतका आनंदात मी त्यांना बघितलेला नाही, आणि मला त्या आनंदाची भीती वाटत होती. तुला खोटं वाटेल, पण मी गणपतीला बोललेय, यांना पूर्वीसारखं गप्प कर.

गेल्या आठवड्यात पॅकअप झालं. झोपड्या मोडल्या, पिंपं रिकामी केली आणि सगळे पांगले. रविवारी हे चंद्रप्रकाशला घरी जेवायला घेऊन आले. मी बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. बिचारा किती दिवसांनी घरचं खात होता कोण जाणे, बोटं चाटून जेवला. हे समोर बसून त्याला वाढत होते आणि पलटणीतल्या गोष्टी सांगत होते, आठवतं ना रे, आठवतं ना, करून. तो माझ्याकडे बघायचा आणि हो म्हणायचा. माणूस वाईट नाही. जेवण झाल्यावर त्याला पान हवं होतं. चपला घालता घालता दारातून म्हणाला, काका, इलंय हां. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तो परत आला नाही. त्यात त्याचा दोष नाही दादा, सुटला बिचारा, मीही सुटले असते. तेव्हापासून हे दारात बसलेत. जेवतात, झोपतात, अंघोळ करतात, आणि परत येऊन बसतात. माझ्यावर रागावत नाहीत, कमलवर रागावत नाहीत. दार लोटू लागलं की एवढंच म्हणतात, असू दे, तो येतोय.

श्यामसुंदर म्हणाले, चंद्रप्रकाशला शोधून आणतो, दारात उभा करतो, आलो म्हणेल आणि विषय मिटेल. मी नको म्हटलं. एकदा आणला की रोज आणावा लागेल, आणि मग माझा नवरा त्या पिक्चरमधून कधीच बाहेर येणार नाही. यांना खरा माणूस हवा, आणि तो तू आहेस. रागावू नकोस. गेल्या मे महिन्यात मी गावी आले होते तेव्हा वहिनीने, कोणाला बोलू नकोस म्हणत, मला विहिरीवर सगळं सांगितलं. झोपेत तू पोचलो रे गुण्या, पोचलो, असं ओरडतोस. तेव्हा तिने तुला हलवून विचारलं, आणि तू तिला सांगितलंस की झाडाखालून त्याला खांद्यावर घेऊन तू निघालास, वाटेत सुरुंगाने तुझा पाय नेला, तरी सरपटत ओढत त्याला खंदकापर्यंत आणलास, आणि तिथे बघतोस तर जयवंताला आधीच गाडीत घालून नेलं होतं. यांना हे माहीत नाही रे. यांना वाटतं गुणाजी इलंय म्हणाला आणि आलाच नाही. कुबड्या घे, वहिनीला घे, मिळेल ती एसटी पकड, पण ये. इथे येऊन यांच्याजवळ बस, आणि स्वतःच्या तोंडाने सांग की गुणाजी आला होता, तूच त्याला घेऊन आलास, फक्त हे तिथे नव्हते.

तुझीच धाकटी,
शेवंती