अंतिम सामन्याचा माईक

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. जोतिराम यास अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. थंडी ओसरली. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? दुर्गाने तिच्यासाठी तेल काढून ठेवलं आहे. तिकडे कुणी येणारं असलं की पाठवते.

आता मुद्द्याचं. परवा मोहोळला काय खेळलास तू? कबड्डीत डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने वाट बघायची असते. चढाईवाला पाय टाकेल, वळेल, तेव्हा घोटा धरायचा. तू त्याने रेषा ओलांडायच्या आत झेप घेतलीस, तीही पुन्हा पुन्हा! आणि आदल्याच आठवड्यात अक्कलकोटला तुझ्या हातून एकही गडी सुटला नव्हता. एका अंगात दोन माणसं राहतात का? लोक दिवसाची मजुरी बुडवून तुला बघायला येतात. त्यांना कोणता जोतिराम भेटणार, हे देवालाही ठाऊक नसतं.

शिवजयंतीपासून साखर कारखान्याच्या सभेपर्यंत मी सगळीकडे बोललो. पण माझा आवाज खरा तापला तो मैदानावर, माईक हातात घेऊन, तुझा खेळ सांगताना. तू शाळेत होतास तेव्हा ‘उजनीचा खेकडा’ हे नाव मी दिलं. “खेकड्याने नांगी आवळली!” म्हटलं की मैदान उठून उभं राहायचं. तुझी आई म्हणाली होती, “सर, बाजारात मला खेकड्याची आय म्हणत्यात की!” आम्ही सगळे हसलो. तू हसला नव्हतास.

काल स्पर्धा समितीचे गुरप्पा घरी आले. चहा निवेपर्यंत उसाच्या भावाचं बोलले. शेवटी म्हणाले, “सर, अकलूजच्या फायनलला तुमी माईक घेऊ नका.”

“का? माझा आवाज बसलाय?”

“आवाज लई चांगला हाय. पण जोतिराम म्हणतोय, सरांनी नाव घेतलं की माझा पाय आपोआप उचलतोय. सर बोलणार असतील तर मी खेळत न्हाय.”

स्वयंपाकघरातून दुर्गा म्हणाली, “अक्कलकोटला वीज गेली होती. तुमचा माईक बंदच होता.”

तिला मी गप्प केलं. तुला कसं करू?

मोहोळहून तू माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून आलास. मी रस्ताभर खडसावत होतो आणि तू “व्हय सर, व्हय सर” करत होतास. उतरलास तो थेट गुरप्पांच्या दारात! विश्वासघातावर मी पुष्कळ वाचलं, व्यासपीठावरून त्याहून जास्त बोललो. तो शेजारच्या सीटवर मान हलवत बसलेला असतो, हे कळलं नव्हतं. मैदानात तुला समोरच्याचा घोटा सापडत नाही. माझी पाठ मात्र बरोबर सापडली.

गुरप्पांना होकार दिला आहे. सरांचा घसा बिघडला, असं ते जाहीर करतील. आयुष्यात माझ्या नावावर खोटं बोललं जाईल ते हे पहिलं.

रविवारी मी येईन. प्रेक्षकांत बसेन. तोंड उघडणार नाही. तू ढिसाळ खेळलास तर लोक तुला शिव्या घालतील, आणि मला त्याचं फार वाईट वाटणार नाही. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. कारण तू अक्कलकोटसारखा खेळलास, तर कप आपल्या संघाचा होईल आणि पुढच्या मोसमात गुरप्पांना माझ्याकडे यावं लागणार नाही. अडचण माझ्या आवाजाचीच होती, हे सगळ्या मैदानासमोर तू मला सांगून टाकलेलं असेल.

समोरचा चढाईवाला उजवीकडे झुकून डावीकडे वळतो. त्याला वळू दे. मगच हात घाल.

तुझ्याच बाजूचा, तूच गप्प बसवलेला,
वेणीमाधव