ठावठिकाणा

नवी दिल्ली,
२ डिसेंबर १९९६

प्रिय जुबेदा,

दिवाळी करून पेणहून परतले. आईने दिलेले पोह्याचे पापड होस्टेलच्या मुलींनी दोन दिवसांत संपवले. बाबा अजून विचारतात, आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करून तू नेमकी कोण होणार? त्यांची वीस वर्षं धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करण्यात गेली; त्यांना कामाचं नाव लागतं. मला ते सांगता येत नाही. पण ऑगस्टमध्ये वर्गात जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला सर एक करार शिकवत होते. परक्या देशात अटक झालेल्या माणसाने मागणी केली, तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवावंच लागतं. सर म्हणाले, पुष्कळांना हा हक्क ठाऊकच नसतो, म्हणून ते मागत नाहीत, आणि इकडे घरच्यांना वाटतं माणूस हरवला. पुढचं मी काही लिहून घेतलं नाही. मला रोह्यातलं तुझं घर दिसत होतं. मुराद आखातात ट्रक चालवायला गेला, आठ महिने त्याची पत्रं आली, मग बंद झाली. मोहल्ल्यात बोलत, त्याने तिकडे दुसरी केली. मलाही तेच वाटलं आणि मी तुला म्हटलं, विसर त्याला. तू भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "तो तसा नाय गो, नमू."

सरांच्या मदतीने मी परराष्ट्र मंत्रालयात चौकशीचा अर्ज दिला. तुला कळवलं नाही. उगाच आशा लावून ठेवायची नव्हती. दिवाळीपर्यंत उत्तर नव्हतं. मी तो विषय मनातून काढून टाकला.

परवा उत्तर आलं. मुराद जिवंत आहे. तुरुंगात आहे. त्याच्या ट्रकखाली दोन माणसं गेली. खटला चालून पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं दीड वर्ष उरलंय. वकिलातीचा माणूस भेटायला गेला तेव्हा तो आधी म्हणाला, घरी कळवू नका, तिने माझ्यासाठी थांबू नये. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने स्वतःच कागद मागून घेतला. ती चिठ्ठी सोबत आहे. मी उघडलेली नाही.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. मी कायदा शिकते म्हणून तुझ्या अब्बांनी दिवाळीत माझ्याकडून निकाह रद्द करण्याचा अर्ज लिहून घेतला. 'चार वर्षे पतीचा कसलाही ठावठिकाणा नाही.' चौकशी चालू आहे हे मला माहीत होतं, तरी ते वाक्य मी लिहिलं. तू मोकळी व्हावीस असं मला वाटत होतं, आणि मुरादने दुसरी केली अशी माझी खात्री झाली होती. तुला एकदाही विचारलं नाही. त्या अर्जावर सही करू नकोस. केली असशील तर वकिलांना थांबव. तुला थांबायचं नसेल तरी माझं काही म्हणणं नाही, तो तुझा हक्क आहे. मग खरं कारण घालून दुसरा अर्ज मीच येऊन लिहीन. पण या वेळी तू सांगशील तसाच.

तुझीच, तुझी माफी मागणारी,
नमिता